विजेच्या जुन्या गिटारची दांडी

तंबोरा जुळवितांना ज्यांनीं लक्ष देऊन पाहिलें असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. चारी तारा एकदां नीट लावून झाल्या तरी गवई लगेच गावयास सुरुवात करीत नाहीं. तो पुन्हां पहिल्या तारेकडे वळतो. ती किंचित् उतरलेली असते. खुंटी सरकली असें नव्हे. मागून चढविलेल्या तारांचा ताण वाद्याच्या दांडीवर आणि तबलीवर पडला, वाद्य केसभर दबलें, आणि तेवढ्यानें आधीं लावलेली तार ढिली झाली. म्हणून दुसरी फेरी, आणि तिच्यामागून बहुधा तिसरी. समोर बसलेल्या मंडळींना ही गवयाची चालढकल वाटते. वस्तुतः तो लांकडाशीं तडजोड करीत असतो.

हीच तडजोड विजेच्या गिटारमध्यें अधिक अवघड होते, आणि तिचें कारण त्या वाद्याच्या घडणींतच आहे. विजेच्या गिटारला भोपळा नाहीं किंवा पोकळ पेटी नाहीं. निदान तिच्या सर्वांत प्रसिद्ध जातीला तरी ती नसते. भरीव लांकडाची एक फळी, तिच्यावर तारेचें कंपन विजेंत रूपांतरित करणारी चुंबकें, आणि फळीला जोडलेली वीस-बावीस मिलिमीटर जाडीची लांब दांडी, एवढाच तिचा संसार. दांडीवर धातूचे पडदे असतात. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असल्यामुळें ते सरकवितां येतात. कानाला खटकलें कीं वादक पडदा जरासा वर किंवा खालीं करून घेतो. गिटारचे पडदे मात्र खांचेंत ठोकून कायमचे बसविलेले असतात. दांडी हलली तर वादकाला पडद्याकडे दाद मागतां येत नाहीं. शिवाय सहा तारा एकाच वेळीं छेडून स्वरसमूह वाजविणें हा गिटारचा नित्याचा व्यवहार असल्यानें, एखादीच तार चुकली तरी ती इतर पांच तारांच्या संगतींत ताबडतोब उघडी पडते.

अमेरिकेंत १९५० व १९६० च्या दशकांत तयार झालेल्या विजेच्या गिटारींना आज मोठी प्रतिष्ठा आली आहे. त्यांच्याविषयीं एक तक्रार मात्र वरचेवर ऐकूं येते. दांडी हातानें जरा दाबली तरी वांकते, आणि वाद्य सुरांत राहत नाहीं, ही ती तक्रार. ह्या दोन वाक्यांच्या मध्यें लोक न विचारतां ‘म्हणून’ हा शब्द घालतात. दांडी वांकते म्हणून वाद्य बेसूर होतें, असा निर्णय एकदां झाला, कीं पुढचा मार्ग ठरलेला. आंतली पोलादी सळई शक्ति लावून आवळली जाते, किंवा दांडीच बदलून नवी घातली जाते. सळई तुटली तर वाद्य अधू होतें. मूळ दांडी गेली तर जुन्या वाद्याचें वाद्यपणही निम्में गेलें आणि मोलही. तेव्हां ह्या ‘म्हणून’ची परीक्षा करणें अगत्याचें आहे.

प्रथम तारेचा हिशेब पाहावा. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या तारांच्या एका संचांत सर्वांत बारीक तार ०.०१० इंच व सर्वांत जाड तार ०.०४६ इंच असते. हा संच साडेपंचवीस इंच लांबीवर नेहमींच्या सुरांत चढविला, कीं सहा तारांचा मिळून ताण सुमारें ४७ किलोग्रॅम भरतो. अर्धें पोतें धान्य दांडीच्या टोकाशीं रात्रंदिवस लोंबत आहे, असें मानावयास हरकत नाहीं. आतां प्रत्येक तार ह्या ताणानें किती लांबलेली असते? सर्वांत बारीक तार सुरांत येईपर्यंत सुमारें साडेचार मिलिमीटर ताणली जाते. तिसरी तार, जिला गिटारवादक जी म्हणतात, ती ह्या संचांत ०.०१७ इंच जाडीची व बिनगुंडाळीची असते. ती दीड मिलिमीटरहून थोडी अधिक, इतकीच ताणली जाते. ताण दोघींवर जवळपास सारखाच, परंतु जाड पोलाद त्या ताणानें कमी लांबतें.

ह्या भेदांत सगळें मर्म आहे. समजा, कोणत्याही कारणानें दोन्ही तारांची टोकें एकमेकांच्या दिशेनें ०.०५ मिलिमीटर सरकलीं. वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीहूनही हें अंतर कमीच. साडेचार मिलिमीटरांतून एवढें वजा झालें तर बारीक तारेला त्याची फारशी क्षिति नाहीं. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर ती सुमारें ९ भाग उतरते. पण दीड मिलिमीटरांतून तेवढेंच गेलें तर तिसरी तार २५-२६ भाग उतरते, म्हणजे अर्धस्वराचा चौथा हिस्सा. सरावलेल्या कानाला पांच-सहा भागांचा फरक कळतो. तेव्हां २५ भाग म्हणजे कोणालाही कळेल असें बेसूर. सर्व तारा एकसारख्या उतरल्या असत्या तर एकट्या वादकाला पत्ताही लागला नसता. त्या विषम प्रमाणांत उतरतात, म्हणून वाद्य ‘खालीं गेलें’ असें न वाटतां ‘आंबलें’ असें वाटतें. तिसऱ्या तारेवर गिटारवादकांचा जो पिढीजात राग आहे, त्याचें मूळही येथेंच आहे.

दांडी वांकल्यानें तारेचीं टोकें जवळ कशीं येतात, हें धनुष्य डोळ्यांपुढें आणल्यास सहज कळेल. तारा दांडीच्या पृष्ठभागावरून जातात, म्हणजे लांकडाच्या मध्यरेषेपासून बारा-तेरा मिलिमीटर दूर. दांडी तारांच्या बाजूस खोलगट झाली कीं टोकाकडची हाडाची पट्टी, जिच्या खांचांवरून तारा खुंट्यांकडे जातात, ती किंचित् पुढें कलते आणि तारा तितक्या ढिल्या होतात. दांडीच्या मध्यावरील बांक पाव मिलिमीटरनें वाढला तर ही ढिलाई साधारण ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर भरते. दांडी उलट, पाठीकडे, वांकविली तर तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. वरचा सगळा हिशेब अशा पाव मिलिमीटरचा आहे. डोळ्यांना तो दिसणार नाहीं. कानांना मात्र ऐकूं येतो.

लांकडाच्या ह्या स्वभावाशीं झगडा विजेच्या गिटारच्या आधींपासूनचा. पोलादी तारांचा प्रसार झाल्यावर दांड्या फार जाड ठेवाव्या लागत, आणि त्या हाताला बोजड वाटत. गिब्सन कंपनींतील थॅडियस मॅक्ह्यू ह्यानें १९२१ मध्यें एका युक्तीसाठीं पेटंटचा अर्ज केला व १९२३ मध्यें तें त्याला मिळालें. दांडीच्या पोटांत एक पोलादी सळई घालावी आणि तिच्या टोकाला आवळतां येईल अशी चाकी बसवावी, एवढीच ती युक्ति. चाकी आवळली कीं पाठीकडील लांकूड दाबलें जातें आणि दांडी मागें वांकूं पाहते. तारा तिला पुढें ओढीत असतातच. दोन्ही ओढींची तडजोड होऊन दांडी जवळजवळ सरळ राहते. ‘जवळजवळ’ हा शब्द जाणून घातला आहे. हलणाऱ्या तारेला पडद्यांवर आपटूं नये म्हणून थोडासा खोलगटपणा ठेवावाच लागतो. ह्या सळईविषयीं एक गैरसमज फार पसरला आहे. तिच्यामुळें दांडी फारशी कणखर होत नाहीं. तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत वजन टाकावें, तसें तिचें काम. पारडीं समतोल झालीं तरी तराजू हलावयाचा राहत नाहीं.

लांकूडच नको, असाही विचार आरंभींच्या काळांत झाला. जॉर्ज बोशाँ हा हवाईयन पद्धतीनें गिटार वाजविणारा गृहस्थ. त्याच्या कल्पनेंतून १९३१ मध्यें जें वाद्य निघालें व १९३२ पासून विकलें गेलें, तें ॲल्युमिनियमचें ओतीव होतें. वाटोळा लहान देह व लांब दांडी पाहून लोक त्याला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणाचा तवा, म्हणूं लागले. अशा वाद्याच्या दांडीला वांकण्याची सोयच नव्हती. शिवाय तें मांडीवर आडवें ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवावयाचें असल्यामुळें पडद्यांची अडचण नव्हती. परंतु रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेनें त्याला निराळाच रोग जडला. ॲल्युमिनियम उष्णतेनें पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. दिवे लागले कीं प्रथम बारीक तारा तापून ढिल्या पडत. मग सावकाश सारा धातु तापून लांबे आणि त्याच तारा चढूं लागत. वादकानें एकदां उतरलेला सूर सांवरावा तों दुसऱ्या बाजूनें तो निसटे. १९७४ पासून ट्रॅव्हिस बीन ह्या अमेरिकन कारागिरानें पुन्हां ॲल्युमिनियमच्या दांडीचीं वाद्यें काढलीं. त्यांच्याविषयींही थंडीउन्हाच्या ह्याच तक्रारी झाल्या, आणि हिवाळ्यांत दांडी हाताला गार लागते ही तक्रार अधिकाची! न वांकणारी दांडी म्हणजे न उतरणारा सूर, हें समीकरण अशा रीतीनें पहिल्याच प्रयोगांत खोटें ठरलें होतें.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचा रेडिओ-दुरुस्ती करणारा मनुष्य. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे, आणि कदाचित् म्हणूनच त्यानें परंपरेचा मुलाहिजा ठेवला नाहीं. १९५० मध्यें त्यानें भरीव लांकडाची जी गिटार बाजारांत आणली तिची दांडी मेपल लांकडाच्या एकाच तुकड्याची होती व ती चार स्क्रूंनीं देहाला आवळलेली होती. दांडी खराब झाली तर काढून दुसरी लावावी, असा त्याचा यंत्रविद्येचा हिशेब. मेपलसारख्या कठीण लांकडाला पोलादी सळईची गरज नाहीं, असेंही त्याचें मत होतें, आणि अगदीं आरंभींचीं थोडीं वाद्यें सळईशिवायच बाहेर पडलीं. हें मत टिकलें नाहीं. विक्री सांभाळणाऱ्या मंडळींच्या आग्रहामुळें त्याच वर्षाच्या अखेरीस सळई आली. ती पाठीकडून बसवून वरून अक्रोडाच्या लांकडाची तपकिरी पट्टी चिकटविलेली असते. जुन्या फेंडर दांडीच्या पाठीवर ती पट्टी आजही ओळखूं येते. ज्यानें दांडी हा बदलावयाचा सुटा भाग मानला, त्याच्याच दांड्यांना आज लोक तिजोरींतील जिनसेसारखे जपतात, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे.

लवचिकपणाबद्दल सर्वांत अधिक बोल मात्र लागला तो गिब्सनच्या एका नमुन्याला. १९५२ पासून निघणारा ‘लेस पॉल’ हा नमुना जड व जाड होता. १९६१ मध्यें कंपनीनें त्याच नांवाखालीं अगदीं निराळी घडण काढली. देह सुमारें ३५ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनीं शिंगांसारखा कापलेला, आणि दांडी बाविसाव्या पडद्यापर्यंत मोकळी. १९६३ च्या सुमारास लेस पॉलचें नांव त्यावरून गेलें आणि हा नमुना ‘एसजी’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. वरच्या टोकाच्या पडद्यांपर्यंत हात विनासायास पोंचावा, हा हेतु त्यांत पूर्णपणें साधला. पण त्याची किंमत दांडीनें दिली. जुन्या घडणींत दांडी सोळाव्या पडद्यापाशीं देहांत शिरे, म्हणजे मोकळा भाग सुमारें ३८ सेंटिमीटर. नव्या घडणींत तो सुमारें ४५ सेंटिमीटर झाला. सात सेंटिमीटरांचा फरक थोडा वाटतो. परंतु एका टोकास पक्क्या धरलेल्या दांडक्याचें दुसरें टोक दाबलें असतां तें किती वांकतें, हें लांबीच्या घनावर अवलंबून असतें. बाकी सर्व सारखें धरलें तरी एवढ्या वाढीनें वांकणें दीडपटीहून अधिक होतें. जाडीचाही तोच नियम, उलट बाजूनें लागू होतो. दांडी एक-दशांशानें बारीक केली तर तिचा कणखरपणा चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. आणि १९६० च्या सुमारास गिब्सनच्या दांड्या आधींच्यापेक्षां बारीक झालेल्या होत्या. त्यांतच भर म्हणून दांडीचा सांधा जेथें असावयाचा तेथेंच चुंबकासाठीं खळगा कोरलेला. पुढील वर्षांत कंपनीनें ह्या सांध्याची रचना एकाहून अधिक वेळां बदलली, ह्यावरून तिलाही ही उणीव जाणवली असली पाहिजे.

एसजीचा देह हलका असल्यामुळें गळ्यांत अडकविली असतां तिचें शेंडीकडचें टोक खालीं झुकूं पाहतें, आणि वादकाचा डावा हात नकळत दांडीला आधार देऊं लागतो. सूर काढणारा हातच हमालीही करूं लागला कीं दांडीवर मागेंपुढें दाब येणारच. स्वरसमूह धरतांना तो डळमळतो. वादक दांडी ढकलून मुद्दामही असें डोलवितात, आणि तें कानाला गोड लागतें. न ठरवितां तेंच झालें कीं दोष ठरतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. एसजीची दांडी ढकलली, सूर उतरला. हात सोडला, सूर कोठें गेला? तो परत आला. लांकूड लवचिक आहे, म्हणजेच दाब गेला कीं तें आपल्या जागेवर येतें. वाजवितांना सूर डळमळणें हा एक प्रकार, आणि वाजवून झाल्यावर वाद्य बेसूर झालेलें आढळणें हा अगदीं दुसरा. पहिल्याचा बोल दांडीला लावणें न्याय्य आहे. दुसऱ्याचा बोल तिला लावतांना शंभरदां विचार करावा. कारण जी वस्तु जाऊन परत येते ती बेसुराचें कायमचें कारण होऊं शकत नाहीं. जी जाते आणि परत येत नाहीं, तिचाच शोध घेतला पाहिजे.

परत न येणाऱ्या गोष्टींत पहिला मान हाडाच्या पट्टीचा. वादक तार बोटानें ओढून मींड काढतो तेव्हां तार पट्टीच्या खांचेंतून रेसभर पुढें सरकते. खांच अरुंद किंवा खडबडीत असली तर बोट सोडल्यावर ती मागें जात नाहीं. पट्टी आणि पडदे ह्यांमधील भाग ढिला राहतो आणि पट्टीपलीकडचा भाग ताठ. खुंटी पिळतांना ‘टिक्’ असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, तें ह्या अडकण्याचेंच चिन्ह. गिब्सनच्या घडणींत मधल्या दोन तारा पट्टीवरून बाहेरच्या बाजूस वळून खुंट्यांकडे जातात आणि शेंडीही मागें बरीच कललेली असते, त्यामुळें त्यांचें घर्षण अधिक. आणि त्या दोहोंत ती पूर्वीची जी तार आहेच! एकीकडे सर्वांत नाजुक हिशेबाची तार, दुसरीकडे सर्वांत वांकडी वाट. पन्नास-साठ वर्षांत तारांनीं घांसून ही खांच खोल व वेडीवांकडी केलेली असते. खांच नीट कोरून घासून गुळगुळीत केली आणि तिच्यांत शिसपेन्सिलीची जराशी पूड भरली, कीं ‘लवचिक’ दांडीचा हा रोग पुष्कळ वेळां तेथल्या तेथें बरा होतो.

दुसरी गोष्ट सांध्याची. फेंडरच्या दांडीचे चार स्क्रू वर्षानुवर्षांच्या वापरानें किंचित् सैल होतात. लांकूड वांकून परत येतें. सैल सांधा सरकून सरकलेलाच राहतो. दांडी हळूच बाजूला दाबून सोडली आणि तारा त्या बाजूच्या नव्या सुरांतच राहिल्या, नंतर विरुद्ध बाजूला दाबून सोडल्यावर दुसऱ्याच सुरांत गेल्या, तर दोष लांकडाचा नसून स्क्रूंचा आहे हें निश्चित समजावें. जुन्या खुंट्यांचीं झिजलेलीं दांतेरीं चाकें आणि नीट न गुंडाळलेल्या नव्या तारा हीं कारणें तर इतकीं सामान्य आहेत कीं त्यांचा उल्लेख पुरे.

१९५४ मध्यें आलेल्या फेंडरच्या ‘स्ट्रॅटोकॅस्टर’ नमुन्यांत घोडीच स्प्रिंगांवर तोललेली असते. लहानसा दांडा हलवून सर्व तारा एकदम ढिल्या किंवा ताठ करण्याची ती सोय. तेथें एक तार तुटली कीं स्प्रिंगांचें पारडें जड होऊन उरलेल्या पांची तारा चढतात. दांडी कितीही कणखर असो, त्यापुढें तिचा इलाज नाहीं.

दांडीकडून जो खरोखर परत न येणारा बदल होतो तो क्षणाचा नसून ऋतूंचा आणि वर्षांचा असतो. लांकूड उष्णतेपेक्षां ओलाव्यानें अधिक हलतें, आणि तेंही लांबींत अगदीं थोडें, रुंदींत पुष्कळ. मेपल व महॉगनी ह्यांचें प्रमाण वेगळें, त्यांच्यावर चिकटविलेल्या पडद्यांच्या फळीचें वेगळें. दोन वेगळ्या स्वभावाचीं लांकडें एकमेकांना चिकटविलीं कीं हवेंतील ओलाव्याबरोबर तीं एकमेकांना वांकवूं लागतात. ती फळी बहुधा शिसवीची असते, आणि येथें आपल्याकडील रानांचा संबंध येतो. पूर्वीं ब्राझिलची शिसवी वापरीत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धांत ती मिळेनाशी होऊं लागली तेव्हां अमेरिकन कारखान्यांनीं हिंदुस्थानची शिसवी घेतली, तीच जी सह्याद्रीच्या रानांत वाढते आणि जिचे पलंग व देव्हारे जुन्या वाड्यांतून दिसतात. १९९२ मध्यें ब्राझिलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारानेंच बांधला गेला.

मुंबईच्या पावसाळ्यांत आणि दख्खनच्या कोरड्या हिवाळ्यांत एकाच वाद्याच्या दांडीचा बांक सारखा राहील, ही अपेक्षाच करूं नये. पण हा बदल आठवड्यांनीं होतो, मैफलींतल्या दहा मिनिटांत नव्हे. मैफलींत तार तापते. दिव्यांच्या झोतांत तारेची उष्णता दहा अंश वाढली तर तिसरी तार अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी उतरूं शकते, आणि बिचारी दांडी तेव्हां जागच्या जागीं असते! हल्लीं शेंडीला चिमट्यासारखें लहान यंत्र लावून सूर तपासतात. त्याचा कांटा हलतांना पाहून पुष्कळ लोकांना, पूर्वीं कधींही न ऐकलेलें बेसूर डोळ्यांनीं दिसूं लागलें आहे. तें यंत्र चांगलें. त्यानें कारण मात्र कळत नाहीं.

जुन्या दांड्यांच्या वाट्याला आणखी एक अन्याय आला. १९५० च्या दशकांत गिटारला बरीच जाड तार लावीत, व तिसरी तारही गुंडाळीची असे. १९६२ च्या सुमारास अर्नी बॉल ह्यांनीं बारीक तारांचे संच विकावयास आरंभ केला, कारण तरुण वादकांना तारा ओढून मींड काढावयाची होती. ते संच जगभर पसरले. परंतु जी दांडी जाड तारांच्या ओढीला पुरून उरण्यासाठीं घडविली होती, तिच्यावरील ओढ आतां बरीच कमी झाली. आंतली सळई पूर्वींच्याच मानानें आवळलेली. तेव्हां दांडी पाठीकडे वांकली. त्या काळची सळई एकाच बाजूस काम करते. ती सैल केली कीं तिचें काम संपलें. पुढें ओढण्याची शक्ति तिच्यांत नाहीं, ती तारांतच होती. अशा दांडीला ‘कमजोर’ म्हणून टाकण्यापूर्वीं थोड्या जाड तारांचा संच लावून महिनाभर वाट पाहावी. गुंडाळीची तिसरी तार लावली तर तिच्या आंतली तार बारीक असल्यामुळें तिचा नाजुकपणाही बराच कमी होतो.

सळई आवळतांना घाई करणाऱ्यांनीं रिकेनबॅकर गिटारींचें उदाहरण लक्षांत ठेवावें. त्यांच्या जुन्या, म्हणजे साधारण १९८० च्या दशकाच्या मध्यापूर्वींच्या वाद्यांत दोन सळया शेजारीं-शेजारीं असतात, आणि प्रत्येक सळई स्वतःवरच दुमडलेल्या पोलादी पट्टीची असते. इतर गिटारींप्रमाणें चाकी फिरवून ह्या दांड्या सरळ करावयास गेल्यास दांडी हलत नाहीं. सळया मात्र बाक घेऊन वर रेटतात आणि शेंडीकडील पडद्यांची फळी सांध्यांतून उखडते. ह्या वाद्यांना हातच लागतो. तारा ढिल्या करून प्रथम दोन्ही चाक्या सैल कराव्यात. मग एकानें दांडी हलक्या हातानें हव्या त्या बांकांत धरावी आणि दुसऱ्यानें चाक्या फक्त टेकतील इतक्याच फिरवाव्यात. म्हणजे दांडी वांकविण्याचें काम मनुष्याचें, आणि ती तेथें धरून ठेवण्याचें काम सळईचें. इतर जुन्या गिटारींतही चाकी एका वेळीं अष्टमांश वळशाहून अधिक फिरवूं नये, आणि ती घट्ट लागली तर जोर करूं नये. त्यानंतर तारा जुळवून वाद्य रात्रभर तसेंच ठेवावें. सकाळीं वाजविण्याच्या स्थितींत हातांत धरून, टेबलावर आडवें ठेवून नव्हे, पुन्हां सहाही तारांवरून दोन फेऱ्या कराव्यात, आणि मगच दांडीचा बांक मोजावा.